हृदय-फुप्फुस यंत्र, पांढरा उंदीर आणि आपली बाळे

२००६ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी निळे पडू लागलेले एक बाळ माझ्याकडे आणण्यात आले. वडील इंदूरच्या कापड बाजारात नोकरीला, आई जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची, पहिलेच अपत्य. तपासणीअंती निदान झाले, ते ‘ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज’ असे. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची जागा जन्मतःच अदलाबदल झालेली. शुद्ध रक्त फुप्फुसात आणि अशुद्ध रक्त शरीरात, असा उलटा कारभार. दोन-तीन आठवड्यांच्या आत त्या धमन्या परत आपापल्या जागी जोडणे, हाच यावरचा उपाय. बाळाला दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था झाली.

निघण्यापूर्वी त्या मातेने मला एकच प्रश्न विचारला. “डॉक्टरसाहेब, हृदय थांबवून मशीनवर ठेवतात म्हणे. बाळाच्या डोक्याला काही होणार नाही ना?”

मी म्हणालो, “छे, छे! काही होत नाही. अहो, ही आता रोजची शस्त्रक्रिया झाली आहे. तुम्ही निश्चिंत राहा.”

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पहिले चार दिवस बाळ इतके सुजले होते की आईलाही ओळखू येईना, असे वडिलांनी नंतर सांगितले. पुढे सूज उतरली, बाळ गुलाबी होऊन घरी आले. आठ वर्षांनी तीच माता त्या मुलाला घेऊन पुन्हा माझ्यासमोर बसली. मुलगा गोड, हसरा. पण तिसरीत असूनही पाढे टिकत नव्हते, बुटाची नाडी बांधता येत नव्हती, वर्गात लक्ष लागत नव्हते. माउलीच्या स्वरात राग नव्हता. ती एवढेच म्हणाली, “तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, डोक्याला काही होत नाही.”

वाचकहो, मी तेव्हा खोटे बोललो नव्हतो. परंतु जे मला ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे बोललो होतो, आणि आमच्या व्यवसायात हे अंतर फार थोडे असते. त्या रात्रीपासून मी वाचू लागलो. यंत्रावर घालवलेले ते दोन-तीन तास बाळाच्या मेंदूला, फुप्फुसाला, मूत्रपिंडाला नेमके काय करतात? हा शोध मला एका अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेला. तेथे एका टेबलावर गुंगी दिलेला पांढरा उंदीर होता आणि त्याच्या शेजारी मुठीत मावेल एवढे हृदय-फुप्फुस यंत्र.

‘बायपास’ या शब्दाविषयी थोडेसे

आपल्या समाजात ‘बायपास झाली’ असे म्हटले, की हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्यांना दिलेली पर्यायी वाट डोळ्यांपुढे येते. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. उघड्या हृदयावर काम करताना ते रिकामे व स्तब्ध असावे लागते. म्हणून शरीरातून परत येणारे अशुद्ध रक्त हृदयात जाण्यापूर्वीच नळीने बाहेर घेतात, ते ऑक्सिजनेटर नावाच्या कृत्रिम फुप्फुसातून फिरवतात आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा महाधमनीत सोडतात. रक्ताने हृदय व फुप्फुस या दोहोंना वळसा घातला म्हणून हा ‘कार्डिओपल्मनरी बायपास’. हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञास परफ्युजनिस्ट म्हणतात. शस्त्रक्रियेच्या यशाचे श्रेय वाटताना याचे नाव बहुधा शेवटी येते. वस्तुतः त्या दोन-तीन तासांत रुग्णाचा प्राण त्याच्याच हातात असतो.

आरंभ मांजरापासून

या यंत्राचा जन्मच एका छोट्या प्राण्याच्या साक्षीने झाला. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण शल्यचिकित्सक एका रुग्ण महिलेच्या उशाशी रात्रभर बसून होता. तिच्या फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. तिचा श्वास आणि रक्तदाब हळूहळू मावळत होता. काही काळ तरी तिचे रक्त बाहेर काढून, शुद्ध करून परत देता आले असते तर? ती वाचली नाही. पण हा विचार गिबन यांच्या मनातून गेला नाही. पत्नी मेरी यांच्या साहाय्याने त्यांनी यंत्र बनवण्यास आरंभ केला. त्यांचे पहिले ऑक्सिजनेटर इतके दुबळे होते की मोठ्या प्राण्याला ते पुरले नसते. म्हणून त्यांनी मांजर निवडले. बोस्टनच्या गल्ल्यांतून रात्री ट्यूना माशाचे आमिष दाखवून आपण भटकी मांजरे पकडून आणत असू, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. १९३५ साली एका मांजराच्या फुप्फुसाकडे जाणारी धमनी पूर्ण बंद करून, यंत्राच्या बळावर त्याला जिवंत ठेवण्यात त्यांना यश आले.

मांजरापासून माणसापर्यंतची वाट अठरा वर्षांची ठरली. मधल्या काळात महायुद्ध झाले, प्रयोग कुत्र्यांवर आले, आयबीएम कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र सुधारले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात सिसिलिया बावोलेक या अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र गिबन यांनी बंद केले. सव्वीस मिनिटे तिचे हृदय व फुप्फुस यांचे सर्व काम यंत्राने केले आणि ती बरी झाली. मात्र त्यानंतरचे दोन्ही बालरुग्ण दगावले. गिबन यांनी ते यंत्र पुन्हा हाती धरले नाही.

१९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी बाळाच्या रक्तवाहिन्या थेट त्याच्या वडिलांच्या किंवा आईच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या. जन्मदाताच यंत्र झाला! हीही पद्धत आधी कुत्र्यांवर पारखून घेतलेली होती. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी २८ रुग्ण बरे होऊन घरी गेले. त्या काळाच्या मानाने हे अद्भुत होते. परंतु एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालणे फार काळ चालण्यासारखे नव्हते. लिलेहाय यांचे सहकारी रिचर्ड डीवॉल यांनी १९५५ साली बुडबुड्यांचे साधे, स्वस्त ऑक्सिजनेटर तयार केले. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी गिबन यांच्याच यंत्राची सुधारित आवृत्ती वापरली, आणि यंत्रयुग स्थिरावले.

आपल्या देशातही हृदयशल्याचा पाया प्राण्यांवरील अभ्यासानेच घातला गेला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली हृदयारोपण केले, त्याआधी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर कित्येक वर्षे परिश्रम केले होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली हृदयाची ‘चित्रा झडप’ आधी मेंढ्यांच्या हृदयात पारखली गेली आणि १९९० साली प्रथम माणसाच्या हृदयात बसली.

प्रश्न बदलला

यंत्र चालते हे सिद्ध झाल्यावर कोणालाही वाटेल, की प्राण्यांचे काम संपले. ते संपले नाही, कारण प्रश्न बदलला. गिबन यांच्या काळात प्रश्न होता, हे जमेल का? पुढे प्रश्न झाला, याची किंमत शरीराला किती मोजावी लागते?

आपल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर ही विलक्षण गोष्ट आहे. त्या अस्तराशिवाय दुसऱ्या कशाशीही संबंध आला, की रक्त त्याला परके मानते. हेपारिन देऊन आपण रक्त गोठू देत नाही. पण प्लास्टिकच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटरचा पडदा यांना स्पर्श होताच रक्तातील संरक्षक यंत्रणा जागी होते. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने प्रज्वलित होतात, पांढऱ्या पेशी खवळतात, दाह वाढवणारी रसायने सुटतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि त्यांतील पाणी ऊतकांत उतरते. त्या बाळाला आलेली सूज ती हीच. फुप्फुस जड होते, मूत्रपिंड मंदावते. शिवाय हवेचे व गुठळ्यांचे अतिसूक्ष्म कण मेंदूपर्यंत जाऊ शकतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्कलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दाहाचा रुग्णांच्या गुंतागुंतीशी असलेला संबंध स्पष्टपणे मांडला.

परंतु रुग्णामध्ये दोष नेमका कोणाचा, हे ठरवणे महाकठीण. मूळ हृदयविकार, भूल, शस्त्रक्रिया, हृदय थांबवून ठेवलेला काळ, शरीर थंड करणे आणि पुन्हा तापवणे, बाहेरचे रक्त, अतिदक्षता विभागातील दिवस, हे सारे एकाच बाळावर एकाच वेळी येते. त्यातून यंत्राचा वाटा वेगळा कसा काढायचा? बाळांचे दोन गट करून एकाला विनाकारण यंत्रावर ठेवता येत नाही. उंदराला ठेवता येते. उंदराकडे जाण्याचे हे खरे कारण होय.

बाळ बापापेक्षा उंदराला जवळचे

येथे थोडे अंकगणित मांडतो, कारण बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या विषयाची गोडी लागली ती या अंकांमुळे.

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. यंत्र सुरू करण्यापूर्वी त्याच्या नळ्या द्रवाने भरून घ्याव्या लागतात. त्या द्रवाला ‘प्राइम’ म्हणतात. प्रौढांसाठी तो एक-दीड लिटर, म्हणजे त्याच्या रक्ताच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आता तीन किलोचे नवजात बाळ घ्या. त्याच्या अंगात सारे मिळून अडीचशे मिलिलिटर रक्त, आपल्या चहाच्या दोन मोठ्या कपांएवढे. जुन्या सर्किटमध्ये प्राइम पाचशे मिलिलिटर किंवा त्याहूनही अधिक लागे. म्हणजे बाळाच्या रक्ताच्या दुप्पट परका द्रव आणि त्याच्या देहाच्या मानाने कितीतरी मोठा प्लास्टिकचा पृष्ठभाग.

आणि उंदीर? साडेतीनशे ग्रॅमच्या पांढऱ्या उंदरात वीस-पंचवीस मिलिलिटर रक्त असते. त्याच्यासाठी बनवलेल्या सुरुवातीच्या सर्किटमध्ये चाळीस मिलिलिटरच्या आसपास प्राइम लागे. येथेही जवळपास दुप्पट! त्यासाठी अन्य उंदरांचे रक्त वापरावे लागे, जसे बाळासाठी रक्तपेढीतून आणावे लागते. म्हणजे या एका बाबतीत नवजात बाळ स्वतःच्या बापापेक्षा उंदराला अधिक जवळचे आहे. दोघांची अडचण एकच, देह लहान आणि यंत्र मोठे.

उपायाची दिशाही त्यामुळे एकच राहिली. उंदरांसाठी चिमुकले ऑक्सिजनेटर आणि आखूड नळ्या घडवून प्राइम दहा-पंधरा मिलिलिटरपर्यंत खाली आणला गेला. बाळांच्या शस्त्रक्रियेतही चांगल्या केंद्रांनी पंप बाळाच्या अगदी जवळ आणून, नळ्या बारीक व आखूड करून प्राइम दोनशे मिलिलिटरच्या खाली नेला. त्याच्या जोडीला १९९० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मार्टिन इलियट आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या अखेरीस बाळाच्या रक्तातील जादा पाणी गाळून काढण्याची पद्धत रूढ केली. बाळांची सूज त्यामुळे पुष्कळच कमी झाली.

प्रयोग कसा होतो

उंदराला माणसाप्रमाणेच पूर्ण भूल देतात, श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवतात आणि हेपारिन देतात. मानेतील शिरेतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत नेतात. तिच्यातून अशुद्ध रक्त बाहेर येते. शुद्ध झालेले रक्त परत जाते ते शेपटीच्या धमनीतून. छाती उघडावी लागत नाही. प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १६० ते १८० मिलिलिटर, या वेगाने तासभर यंत्र चालते. मिनिटाला तीनशेहून अधिक ठोके पडणारे ते हृदय त्या वेळी धडधडतच असते, पण भार यंत्रावर असतो. शेजारच्या टेबलावर दुसरा उंदीर असतो. त्यालाही तीच भूल, त्याच नळ्या, तेच हेपारिन, तेवढाच वेळ. फक्त पंप सुरू करत नाहीत. दोघांतील फरक तो यंत्राचा. रुग्णालयात कधीही न मिळणारी ही तुलना आहे.

२००१ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकेन्सन, ग्रोकॉट आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर शुद्धीवर आणले आणि पुढचे काही दिवस त्यांची परीक्षा घेतली. परीक्षा पाण्याची. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८१ साली मांडलेल्या या चाचणीत मोठ्या गोल टाकीत पाणी भरतात. पाण्याखाली एक न दिसणारा ओटा असतो. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि रोजच्या सरावाने, खोलीतील खुणा लक्षात ठेवून, अधिकाधिक लवकर तेथे पोहोचतो. यंत्रावर तासभर राहिलेल्या उंदरांना ओटा सापडण्यास अधिक वेळ लागला आणि हा फरक बाराव्या दिवशीही दिसला. केवळ यंत्रामुळे स्मरण व शिकणे मंदावू शकते, हे नियंत्रित प्रयोगात पुढे आले. हा निबंध वाचताना मला पाढे विसरणारा तो मुलगा आठवला, हे मान्य केले पाहिजे.

पण विज्ञान एका निबंधावर थांबत नाही. पुढे सुधारित सर्किट वापरून, वयस्क आणि मधुमेही उंदरांवरसुद्धा, असेच प्रयोग झाले. त्यांत दीर्घकाळ टिकणारी बौद्धिक हानी आढळली नाही. यंत्र निर्दोष ठरले असा याचा अर्थ नाही. यंत्र कसे बांधले, रक्त किती पातळ झाले, तापमान किती ठेवले, यांवर हानी अवलंबून असते, असा तो अर्थ आहे. आणि ज्या गोष्टीवर हानी अवलंबून असते, ती सुधारता येते. अलीकडे, २०१७ साली, जर्मनीतील हॅनोव्हर येथील चमूने तर ज्याच्या अंगात जेमतेम दोन मिलिलिटर रक्त असते अशा छोट्या उंदराला, म्हणजे माउसला, यंत्रावर ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विशिष्ट जनुक बदललेले असे उंदीर उपलब्ध असल्याने दाहाच्या साखळीतील एकेक कडी त्यामुळे तपासता येईल.

झेनॉनचा धडा

प्रश्न नेमका विचारला नाही तर उत्तर कसे फसवते, याचे एक उदाहरण देतो. झेनॉन हा वायू भूल देतो आणि मेंदूतील पेशींचे रक्षणही करतो, असे मानले जाते. २००३ साली लंडन व ड्यूक येथील संशोधकांनी यंत्रावरील उंदरांना झेनॉन दिला. त्या उंदरांची कामगिरी चक्क सुधारली. आशा पल्लवित झाल्या. पण खऱ्या शस्त्रक्रियेत हृदय उघडलेले असते आणि हवेचे सूक्ष्म बुडबुडे मेंदूकडे जाऊ शकतात. म्युनिकच्या संशोधकांनी २००६ साली प्रयोगात हीच एक गोष्ट मिळवली. उंदीर तोच, यंत्र तेच, झेनॉन तोच. फक्त मेंदूकडे हवेचे बुडबुडे सोडले. आता झेनॉन घेतलेल्या उंदरांचा मेंदू अधिक बिघडला. झेनॉन बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो, हे त्याचे संभाव्य कारण. म्युनिकचा प्रयोग झाला नसता तर पहिल्याच्या भरवशावर आपण कोठवर गेलो असतो, याची कल्पना केलेली बरी.

उंदीर काय सांगू शकत नाही

उंदराच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. त्याचा मेंदू गुळगुळीत, वळ्या नसलेला. त्यात श्वेतद्रव्य अत्यल्प. आणि आपल्या हृदयरोगी नवजातांच्या मेंदूत सर्वाधिक इजा होते ती श्वेतद्रव्यालाच. प्रयोगशाळेतील उंदीर तरुण, निरोगी, एकाच वंशाचे. आपली बाळे अशी कधीच नसतात. म्हणून बाळांच्या मेंदूविषयीचे महत्त्वाचे प्रश्न डुकराच्या पिलांवर अभ्यासले जातात. त्यांचा मेंदू आपल्या बाळांच्या मेंदूशी अधिक जुळतो.

त्या पिलांनी एक मोलाची गोष्ट शिकवली. यंत्रावर रक्त फार पातळ होऊ दिले तर मेंदूची हानी वाढते. बोस्टनच्या डॉ. रिचर्ड जोनास यांच्या चमूने मग ती बाळांत तपासली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४७ बाळे होती. काहींचे हिमॅटोक्रिट यंत्रावर २० टक्क्यांच्या आसपास, तर काहींचे ३० टक्क्यांच्या आसपास ठेवले होते. वर्षाच्या वयात हालचालींच्या विकासाचा सरासरी गुणांक पहिल्या गटात सुमारे ८२, तर दुसऱ्यात सुमारे ९० निघाला. येथे प्राण्याने दिलेली सूचना बाळांत खरी ठरली आणि जगभरची पद्धत बदलली.

प्रत्येक वेळी असे होत नाही. स्टेरॉइड दिले की यंत्रामुळे होणारा दाह कमी होतो, हे प्राण्यांत वारंवार दिसले आणि कित्येक केंद्रांत ते दशकानुदशके बाळांना दिले गेले. २०२२ साली अमेरिकेतील चोवीस केंद्रांत सुमारे १२०० बाळांवरील चाचणीचा निष्कर्ष आला, तेव्हा नियोजित मुख्य विश्लेषणात स्टेरॉइडचा निश्चित लाभ सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व नेदरलँड्समधील दोन वर्षांखालील १३७१ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ऑक्सिजनेटरमधून नायट्रिक ऑक्साइड वायू दिला होता. व्हेंटिलेटरशिवाय घालवलेल्या दिवसांत काही लक्षणीय फरक पडला नाही. प्राण्याने दिलेले उत्तर ही सूचना असते. निवाडा शेवटी बाळांच्या काळजीपूर्वक चाचणीतच होतो.

जीवदयेचा प्रश्न

आपल्यापैकी अनेकांना हे वाचताना अस्वस्थ वाटले असेल. मलाही वाटते. गणपतीच्या पायाशी मूषकाला बसवून त्यालाही नैवेद्याचा मोदक देणारे आपण. त्याच्या शेपटीत नळी घालण्याची गोष्ट सहज कशी ऐकावी? या अस्वस्थतेला मी दुबळेपणा मानत नाही. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगितली. पर्याय असेल तेथे प्राणी वापरू नये. वापरावाच लागला तर कमीत कमी संख्येने. आणि त्याला कमीत कमी यातना होतील अशा रीतीने. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेच्या नैतिक समितीने मान्यता दिल्याशिवाय असा प्रयोग करता येत नाही. आमच्या विद्यार्थिदशेत शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात बेडकांची रास पडे. तीच वक्ररेषा दरवर्षी नव्याने काढण्यासाठी ते बळी जात. आता तेथे संगणकावरील प्रात्यक्षिके आली, हे योग्यच झाले. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यासाठी प्राणी मारणे अक्षम्य होय. ज्याचे उत्तर न मिळाल्याने बाळांना इजा होत राहते, त्याची गोष्ट निराळी. पण तेथेही प्रयोग ढिसाळ केला, संख्या अपुरी घेतली, प्रतिकूल निष्कर्ष दडपले, तर तो प्राणी व्यर्थ गेला असेच म्हणावे लागेल.

त्या मातेचे उत्तर

मग त्या माउलीला उत्तर काय द्यायचे?

तिच्या मुलाला होता तोच विकार असलेल्या १७१ बाळांचा बोस्टनमध्ये दीर्घ पाठपुरावा झाला आहे. त्यांच्या शस्त्रक्रिया १९८८ ते १९९२ या काळात झाल्या. काहींचे रक्ताभिसरण शरीर थंड करून पूर्ण थांबवले होते, तर काहींचे यंत्रावर मंद गतीने चालू ठेवले होते. वर्षाच्या वयात पहिल्या गटात हालचालींचा विकास मागे होता. मोठे होता होता दोन्ही गटांतील अंतर बरेचसे मिटले. पण सोळाव्या वर्षी पाहिले, तेव्हा दोन्ही गट मिळून सुमारे दोन-तृतीयांश मुलांना शाळेत कधी ना कधी विशेष शैक्षणिक वा वर्तनविषयक साहाय्य घ्यावे लागले होते. दुसरीकडे, शस्त्रक्रियेपूर्वीच काढलेल्या एमआरआयमध्ये अशा नवजातांचा मेंदू अपेक्षेपेक्षा सुमारे महिनाभर मागे असल्याचे २००९ साली दिसून आले. गर्भातच त्या मेंदूला ऑक्सिजन कमी मिळालेला असतो. म्हणजे दोष एकट्या यंत्राचा नाही आणि यंत्र सर्वस्वी निर्दोषही नाही. हे तिला आज मी सांगू शकतो. २००६ साली सांगू शकलो असतो, तर आठ वर्षे वाया गेली नसती.

वाया गेली, असे मी विचारपूर्वक म्हणतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली स्पष्ट सूचना केली, की बालवयात हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाची विकासचाचणी ठरावीक वयांत पुनःपुन्हा व्हावी. हृदय उत्तम चालले आहे म्हणून ती टाळू नये. शल्यचिकित्सकाचे काम शस्त्रक्रियेबरोबर संपते. आपले, म्हणजे गावातील बालरोगतज्ज्ञाचे व कुटुंबवैद्याचे, तेथून सुरू होते. लस द्यायला आलेल्या बाळाच्या छातीवर व्रण दिसला, तर फक्त स्टेथोस्कोप लावून थांबू नये. बाळ केव्हा बसले, केव्हा बोलले, त्याला नीट ऐकू येते का, पेन्सिल कशी धरते, शाळेत बाई काय म्हणतात, हे विचारावे. लवकर लक्षात आले तर भाषोपचार, व्यवसायोपचार आणि शिक्षकाची थोडी समजूत यांनी पुष्कळ साधते.

त्या मुलाच्या बाबतीत उशिरा का होईना, हे झाले. दोन वर्षे व्यवसायोपचार घेतला, परीक्षेत अधिक वेळाची सवलत मिळाली, आईने चिकाटी सोडली नाही. तो आता वाणिज्य शाखेत शिकतो आणि वडिलांच्या बरोबर कापड बाजारात बसतो. हिशेब कॅल्क्युलेटरवर करतो, गिऱ्हाईक मात्र तोंडावर राखतो, असे वडील हसून सांगतात.

आता शस्त्रक्रियेपूर्वी कोणी माता मला तोच प्रश्न विचारते, तेव्हा मी तिला समोर बसवतो आणि म्हणतो, “शस्त्रक्रिया केली नाही तर बाळ राहणार नाही, हे नक्की. केल्यावर ते राहील, अशी मोठी आशा आहे. यंत्राचा मेंदूवर थोडाफार परिणाम होऊ शकतो. तो कमी करण्यासाठी जगभर माणसे झटत आहेत. शस्त्रक्रिया झाली की बाळाला घेऊन दर काही महिन्यांनी माझ्याकडे या. आपण दोघे मिळून त्याच्यावर लक्ष ठेवू.”

या उत्तराने कोणी निश्चिंत होत नाही, हे खरे. पण असे सांगितलेली एकही माता अद्याप तपासणीला यायची चुकलेली नाही.